दुसरा गिअर निसटतोय? तेलाआधी केबलचं सेटिंग बघा

भाऊ, तुमचा प्रश्न रात्री वाचला आणि पोटात गोळा आला. २००६ ची स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस, महिन्याभरापूर्वी शॉर्ट शिफ्टर (गिअरच्या दांड्याचा प्रवास कमी करणारा भाग) बसवलेला, आणि आता ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की दुसरा गिअर अधूनमधून आपोआप न्यूट्रलला येतो. तुम्ही विचारताय, कुठलं गिअर ऑइल टाकू. सहा वर्षांपूर्वी माझ्या गाडीला हेच झालं होतं आणि मीही सगळ्यात आधी तेलच बदललं होतं. पैसे गेले, गिअर निसटायचा तो निसटतच राहिला.

मी मेकॅनिक नाही. जळगावात ठिबकच्या सामानाचं दुकान आहे, गाडीचं वेड वेगळं. त्यामुळे खाली लिहिलंय ते एका माणसाच्या एका गाडीचं आहे, त्याच हिशोबानं वाचा.

बॉनेट उघडून एअर फिल्टरचा डबा आणि बॅटरी काढली की गिअरबॉक्सच्या माथ्यावर वजनाचा गोळा असलेला एक हात दिसतो. ते तुम्हाला माहीतच असेल, तुम्ही स्वतःच बसवलंय म्हणताय. आपल्या पाच गिअरच्या ०२जे पेटीला, म्हणजे या गिअरबॉक्सला, हा हातच बदलावा लागतो. गाडीतल्या दांड्याकडून येणारी केबल या हाताला अडकते आणि हात पेटीतला शाफ्ट फिरवतो. नव्या हातावर केबल शाफ्टच्या जास्त जवळ अडकते, म्हणून शाफ्ट तेवढाच फिरवायला केबल कमी ओढावी लागते आणि गाडीतला दांडा कमी हलतो. बस, एवढीच जादू. पण ही जादू फुकट नाही. दांड्याचा प्रवास तीस टक्के कमी केला तर आपल्याला जोर सुमारे ४३ टक्के जास्त लावावा लागतो. आणि आतला सिंक्रोनायझर, म्हणजे गिअर पडण्याआधी दोन्हींचा वेग जुळवणारा भाग, आपल्या घाईला जुमानत नाही, त्याला पूर्वी लागायचा तेवढाच वेळ लागतो. म्हणून डिसेंबरात सकाळी गाडी काढली, तेल थंड असलं, की पहिल्या दोन किलोमीटरात दुसरा टाकताना जरा दम धरावा लागतो. तो दोष नाही.

तुमचा आजार दुसरा आहे. गिअर टाकताना करकर होणं वेगळं आणि पडलेला गिअर निसटणं वेगळं.

माझी चूक सांगतो, कारण तुम्हीही तीच केली असावी असा माझा दाट संशय आहे. तुमच्या प्रश्नात ‘सगळे गिअर व्यवस्थित पडत होते म्हणून सेटिंगची गरज वाटली नाही’ असं एक वाक्य आहे. नेमकं तेच. मी नवा हात बसवला, १३ च्या पान्यानं नट आवळला, केबलची टोकं अडकवली आणि केबलची लांबी डोळ्यानं अंदाज घेऊन लावली. पाचही गिअर पडले, रिव्हर्स पडला. मदतीला बोलावलेला मिस्त्री हात पुसत म्हणाला, ‘भाऊ, बठ्ठा गिअर पडी राह्यनात ना? मंग कसाले टेन्शन लेस?’ त्याचं ऐकायला मला बरं वाटलं, कारण बाहेर मे महिना होता, ४५ अंशांत शेडखाली आम्ही दोघं भाजून निघालो होतो, आणि घरी भरीत-भाकरी गार होत होती.

गिअर ‘पडला’ असं आपण दांड्याच्या अंदाजानं म्हणतो. आत काय झालं ते दांडा सांगत नाही. आत एक स्लीव्ह सरकते आणि गिअरच्या कडेला असलेल्या बारीक दात्यांवर चढते. हे दाते मुळाकडे किंचित निमुळते असतात, त्यामुळे स्लीव्ह पूर्ण चढलेली असेल तर इंजिनाचा जोर तिला आतच धरून ठेवतो. ती अर्धीच चढली तर सगळा भार दात्यांच्या टोकांवर येतो. टोकं झिजून गोल होतात, आणि गोल टोकावर जोर आला की स्लीव्ह बाहेर ढकलली जाते. माझी केबल दोन-तीन मिलिमीटरनं चुकलेली होती. पहिल्याकडे आणि तिसऱ्याकडे दांडा पूर्ण जायचा, दुसऱ्याकडे कमी पडायचा. अडीच महिने मी रोज थोडे थोडे दाते घासत होतो आणि मित्रांना बाजूला बसवून ‘बघ कसा कडक पडतो’ म्हणून दाखवत होतो.

मग एका संध्याकाळी कन्नडहून चाळीसगावकडे घाट उतरत होतो. दुसऱ्या गिअरवर, इंजिनाच्या ब्रेकवर. शेजारी बायको, मागच्या सीटवर सासूबाई, त्यांच्या मांडीवर पापडांचा डबा. वळणावर पाय उचलला आणि ‘टक’ करून दांडा न्यूट्रलला आला. इंजिनाचा आवाज एकदम खाली गेला आणि गाडी मोकळी सुटली. मागे ट्रक. ब्रेक होते, म्हणून आज हे लिहितोय. पुढची दोन वळणं दांडा हातानं दाबून धरून उतरलो. सासूबाईंनी फक्त एवढंच विचारलं की ही गाडी कधी विकणार.

पेटी उतरवावी लागली. दुसऱ्या गिअरचा सेट, स्लीव्ह आणि सिंक्रो रिंग, शिवाय पेटी उतरवलीच आहे तर क्लचही, असं करत ३८ हजार गेले. शॉर्ट शिफ्टर स्वतः त्याच्या पाव किमतीचाही नव्हता. जे सेटिंग मी टाळलं त्याला फार तर वीस मिनिटं लागली असती.

तर ते सेटिंग. केबलच्या टोकांना स्प्रिंगच्या कॉलर आहेत, त्या पुढे ओढून फिरवल्या की अडकून राहतात आणि केबलची लांबी मोकळी होते. मग पेटीवरचा सिलेक्टर शाफ्ट खाली दाबायचा आणि दाबलेला असतानाच त्याच्या बाजूची वाकडी खिट्टी आत फिरवायची. शाफ्ट तिथेच कुलूप लागल्यासारखा उभा राहतो. आता गाडीत या, दांड्याचं चामडं वर करा, दांडा न्यूट्रलला ठेवून शिफ्टरच्या भोकातून पिन आरपार घाला. कंपनीची खास पिन असते, पण भोकात घट्ट बसणारं ड्रिलचं पातंही चालतं. घट्ट हा शब्द महत्त्वाचा, डुगडुगणारं पातं घातलंत तर पुन्हा अंदाजच झाला. दोन्ही टोकं अशी जागेवर धरली की मगच कॉलर सोडायच्या. केबल आपली लांबी आपण शोधते. मग खिट्टी आणि पिन काढायची. पिन आत विसरून दांडा ओढणारा माणूस मी पाहिलाय, नाव सांगत नाही, आरशात दिसतो.

हे करण्याआधी एक परीक्षा घ्या, म्हणजे माझा संशय खरा की खोटा ते कळेल. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड. घरातल्या कुणाला तरी क्लच दाबून दुसरा टाकायला सांगा आणि दांडा सोडून द्यायला सांगा. तुम्ही बॉनेटखाली त्या हाताला त्याच दिशेनं अजून ढकलून बघा. तो आणखी सरकून ‘टक’ करून बसला, तर गिअर अर्धाच पडत होता. अजिबात सरकला नाही, तर केबल निर्दोष आहे आणि मग दाते किंवा इंजिनाची खालची माउंटिंग (इंजिन धरून ठेवणारा रबरी आधार) बघावी लागेल. ती माउंटिंग फाटलेली असली की पाय सोडताना इंजिन मागेपुढे डुलतं आणि केबल ओढली जाते. वीस वर्षांच्या गाडीला ती बदललेली नसेल तर फाटलेलीच धरा.

आणि बुश, म्हणजे केबलच्या टोकातलं रबर-प्लॅस्टिकचं अस्तर. इथे माझं मत जरा टोकाचं आहे. माझ्या मते जुन्या बुशांवर शॉर्ट शिफ्टर बसवणं म्हणजे ढिल्या दारावर नवी कडी लावणं. हिशोब बघा. समजा मूळ हात ४० मिलिमीटरचा आणि नवा २८ चा. केबलच्या टोकाच्या बुशात २ मिलिमीटरची ढिलाई असेल, तर जुन्या हातावर शाफ्ट सुमारे पावणेतीन अंश कमी फिरतो आणि नव्यावर चार अंशांच्या वर. म्हणजे ढिलाई तीच, पण तिचा चावा जवळपास दीडपट. दांडा ढिला वाटतो म्हणून लोक शॉर्ट शिफ्टर मागवतात, आणि त्यामुळेच ढिलाई जास्त महाग पडते. आपल्याकडच्या उन्हात रबर आणि प्लॅस्टिक दोन्ही लवकर कडक होतात, महामार्गाच्या कामांची धूळ वर्षानुवर्षं त्यात बसलेली असते. मला आज कुणी विचारलं तर मी आधी बुश, मग माउंटिंग, मग पिन लावून सेटिंग सांगेन, आणि एवढं झाल्यावर दहापैकी सात जणांना शॉर्ट शिफ्टरची गरजच वाटणार नाही, असं माझं मत. पटलं तर घ्या.

लेथवाल्याकडून बुश करून घेणार असाल तर नायलॉनऐवजी डेलरिन (एक कडक प्लॅस्टिक) मागा. नायलॉन ओलावा पितो आणि फुगतो, पावसाळ्यात केबल जड होते. मी आधी नायलॉनचा केला होता, जुलैत रिव्हर्स टाकायला दोन हात लागायचे.

तेलाचं आता सांगतो, कारण तुमचा मूळ प्रश्न तोच होता. ७५डब्ल्यू-९० जाडीचं घ्या, पण डब्यावर जीएल-४ हा दर्जा लिहिलेला बघून. दुकानदार ‘जीएल-५ वरच्या दर्जाचं आहे, घेऊन जा’ म्हणतो. ते वेगळ्या डिफरन्शियलसाठी (चाकांना जोर वाटून देणाऱ्या भागासाठी) ठीक. त्यातली गंधकाची रसायनं पितळी सिंक्रो रिंगांना खाऊ शकतात. मी दुकानात तीनदा वाद घातलाय. पण तुमचा गिअर निसटणं तेलानं थांबणार नाही, हे पुन्हा सांगतो.

परदेशातून भाग मागवण्याच्या पार्सलचंही तुम्ही लिहिलंत. माझा भाग परदेशातून आला तेव्हा कुरियरच्या मुंबईतल्या ज्या ऑफिसातून सुटायचा होता, तिथे त्यांनी पॅन आणि आधार तीन वेळा मागितलं, तिन्ही वेळा वेगळ्या माणसानं, आणि प्रत्येक जण म्हणाला की आधीचं मिळालंच नाही. पाच आठवडे. ड्युटी वस्तूच्या नुसत्या किमतीवर नव्हे तर वाहतूक खर्च धरून लागते, हे बिल आल्यावर कळलं. मागवताना दोन-तीन जणांनी मिळून मागवा, एवढंच. आरटीओला हा बदल चालतो का असं विचारलंत, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये नोंदणीपत्रातले तपशील बदलतील अशा फेरफारांचा विषय आहे आणि गिअरचा हा हात नोंदणीपत्रात येत नाही. तरी विमा कंपनी अपघातानंतर काय विचारेल याची हमी मी देत नाही. मूळ हात फेकू नका, ग्रीस लावून पिशवीत ठेवा.

अजून एक. बॅटरी काढण्याआधी रेडिओचा कोड शोधून ठेवा, नाहीतर जोडल्यावर तो ‘सेफ’ दाखवत बसतो. केबलच्या टोकाची लॉक काढताना खाली जुनं फडकं अंथरा, माझी एक लॉक आजही त्या गाडीत कुठेतरी आहे.

पावसाळ्यात तोरणमाळला जायचं म्हणताय. परीक्षा आणि सेटिंग झाल्याशिवाय घाट चढू नका, आणि चढलातच तर उतरताना पहिल्यावर उतरा, दुसऱ्यावर भरवसा ठेवू नका. पिन लावलेला फोटो टाका, मी रात्री दुकान बंद झाल्यावर बघतो.