फ्लुएंटमध्ये (प्रवाहाचं संगणकीय गणित करणारं सॉफ्टवेअर) पाइपात घुमत येणारा प्रवाह इनलेटला, म्हणजे आत येण्याच्या टोकाला, कसा द्यायचा? आउटलेटला (बाहेर पडण्याच्या टोकाला) सगळीकडे शून्य दाब चालेल का?

इनलेटला ‘व्हेलॉसिटी इनलेट’ घेऊन वेग घटकांत द्या, कोऑर्डिनेट सिस्टिम ‘सिलिंड्रिकल’ ठेवा आणि अक्षीय (पाइपच्या लांबीच्या दिशेच्या) वेगासोबत अँग्युलर व्हेलॉसिटी (फिरण्याचा कोनीय वेग) भरा. आउटलेटला मात्र एकसारखा शून्य दाब लावू नका. ज्याभोवती प्रवाह फिरतो त्या अक्षाचा आरंभबिंदू आणि दिशा आधी तपासा. अक्ष पाइपच्या मध्यावरून जात नसेल तर पुढचं सगळंच चुकतं.

समजा त्रिज्या ५ सेंमी, अक्षीय वेग २ मी/से आणि अँग्युलर व्हेलॉसिटी ४० रेडियन/से आहे. मग भिंतीलगतचा स्पर्शरेषीय वेगही २ मी/से येतो, स्वर्ल नंबर (घुमावाचं प्रमाण दाखवणारा आकडा) ०.५. पाणी असं घुमत असताना भिंतीजवळचा दाब मध्यापेक्षा सुमारे २००० पास्कल जास्त असतो (½ρω²R²; ρ घनता, ω अँग्युलर व्हेलॉसिटी, R त्रिज्या). आउटलेटवर सपाट दाब लादला की हा फरक पुसला जातो आणि मध्यातला वेग बिघडतो. म्हणून ‘प्रेशर आउटलेट’मध्ये ‘रेडियल इक्विलिब्रियम’ हा पर्याय चालू करा; त्याने घुमावानुसार दाब त्रिज्येबरोबर वाढत जातो. तुम्ही दिलेला दाब मग सर्वांत लहान त्रिज्येला लागू होतो.

अँग्युलर व्हेलॉसिटीने मिळतो तो घनवस्तूसारखा फिरणारा प्रवाह. तुमच्याकडे घुमाव पात्यांमुळे किंवा बाजूच्या स्पर्शरेषीय नळीतून येत असेल, तर तो भाग मेशमध्येच (गणितासाठी केलेल्या जाळीत) घ्या. आउटलेटच्या मध्यात उलटा प्रवाह दिसला तर पाइप लांबवा.