दोरी तिरकी, आकडा वाकडा: तलावाच्या तापमानाविषयी वाचकांचे प्रश्न

तलावात वेगवेगळ्या खोलीवर पाणी किती गार आहे हे मोजून मग गळ टाकणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. बहुतेकांची तक्रार थर्मामीटरबद्दल आहे. आमच्या मते मात्र दोष बहुतेक वेळा खोलीच्या मोजमापात असतो. अर्धा अंश इकडेतिकडे झाला तर फारसं बिघडत नाही. दोन मीटर इकडेतिकडे झाले तर आमिष भलत्याच थरात जातं.

प्रश्न: होडीवरच्या फिश फाइंडरच्या पडद्यावर पाण्याचं तापमान दिसतंच. मग दोरी आणि थर्मामीटरचा खटाटोप कशासाठी?

पडद्यावरचा आकडा सेन्सर जिथे बसवलेला असतो तिथला, म्हणजे होडीच्या बुडाशी, पृष्ठभागापासून वीत-दोन वीत खाली असलेल्या पाण्याचा. आठ मीटरवर काय चाललं आहे हे त्याला कळत नाही.

फिश फाइंडरचा सोनार, म्हणजे ध्वनिलहरींनी पाण्यातलं दाखवणारा भाग, एका बाबतीत मात्र उपयोगी पडतो. सेन्सिटिव्हिटी नेहमीपेक्षा वाढवली की कधीकधी मधल्या खोलीवर धुरकट आडवा पट्टा दिसतो. गरम आणि गार पाण्याची जिथे गाठ पडते, तिथे घनता बदलते आणि प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, साचतं, त्यामुळे तो उमटतो. पट्टा दिसला तर मोजणी कुठे दाट करायची ते कळलं. दिसला नाही, तर थर नाहीतच असं मात्र समजू नका.

प्रश्न: 15 मीटरपर्यंत मोजायचं आहे. तयार यंत्र न घेता घरी साधन करता येईल का? बाटलीची जुनी पद्धत चालेल का?

दोन्ही चालतील, पण आमचा कल केबलच्या टोकाला सेन्सर लावण्याकडे आहे. स्टीलच्या नळीत बंद केलेला थर्मिस्टर (तापमान वाढलं की रोध कमी होणारा सेन्सर) घ्या, 25 अंशांना 10 किलोओहम रोध असलेला. तो दोन तारांच्या केबलला जोडा आणि वर मल्टिमीटरवर रोध वाचा. बीटा मूल्य (तापमानाबरोबर रोध किती झपाट्याने बदलतो ते सांगणारा आकडा) 3950 असलेल्या थर्मिस्टरचा रोध 20 अंशांना सुमारे 12.5 किलोओहम आणि 30 अंशांना सुमारे 8 किलोओहम असतो. म्हणजे 25 च्या आसपास दर अंशाला 450 ओहमच्या जवळपास फरक. इतका फरक साधा मल्टिमीटरही आरामात दाखवतो. लांब केबलचा स्वतःचा रोध मध्ये येईल अशी भीती अनेकांना वाटते. 15 मीटरच्या बारीक केबलमध्ये जाता-येता तो जेमतेम चार-पाच ओहम भरतो, म्हणजे अंशाचा शंभरावा भाग. त्याकडे दुर्लक्ष करा.

खरी काळजी घ्यायची ती जोडाची. दहा मीटर खाली वातावरणाच्या दाबात आणखी तेवढ्याच दाबाची भर पडते आणि पाणी केसाएवढ्या फटीतूनही आत शिरतं. प्रत्येक तारेचा जोड वेगळा डाखून आधी इपॉक्सीत बुडवा. ती वाळली की आतून गोंद असलेली, तापवल्यावर आवळणारी हीट श्रिंक नळी दोन्ही बाजूंना तीन-तीन सेंटिमीटर पुढे जाईल अशी चढवा. नुसती चिकटपट्टी गुंडाळली तर ती एका फेरीतच दगा देते.

पाणी शिरलं की काय होतं, हे माहीत असलेलं बरं. ओलसर जोडातून थोडी वीज परस्पर निघून जाते, रोध कमी दिसतो आणि तापमान वाढलेलं भासतं. गळतीचा रोध 100 किलोओहम जरी असला, तरी 20 अंशांचं पाणी 22.6 अंश दाखवेल. खोल जाताना तापमान उतरायच्या ऐवजी चढू लागलं, तर तलावात काही नवल घडलेलं नसतं, जोड तपासा.

वजन केबलवर लटकवू नका. अर्धा ते एक किलो शिसं वेगळ्या दोरीला बांधा आणि केबल त्या दोरीला दर मीटरला थोडी ढिली ठेवून बांधा. सेन्सर शिशाच्या 30 सेंटिमीटर वर असावा, नाहीतर तळाशी तो गाळात रुततो आणि तुम्ही गाळाचं तापमान लिहून घेता. दोरी विणीची पॉलिएस्टरची घ्या. नायलॉन भिजल्यावर आणि ओढल्यावर लांबतो, सुती दोरी आखडते. दोरी रात्रभर भिजवा, वजन लावून ताणा आणि मगच दर मीटरला खूण करा. दर पाच मीटरला वेगळ्या रंगाचा दोरा. शून्य सेन्सरपाशी धरायचं, शिशापाशी नव्हे. ही 30 सेंटिमीटरची चूक फार घरांत आढळते.

आता बाटली. बूच लावलेली रिकामी काचेची बाटली वजन बांधून हव्या त्या खोलीवर सोडायची, मिनिट-दोन मिनिटं काच गार होऊ द्यायची, दुसऱ्या दोरीने बूच उपटायचं, बुडबुडे थांबले की वर ओढून लगेच आत थर्मामीटर घालायचा. पद्धत बरोबर आहे, पण ती अडते बुचापाशी. दोन सेंटिमीटर व्यासाच्या बुचावर दहा मीटर खाली पाणी सुमारे तीन किलोच्या जोराने दाबत असतं. तुम्ही बुचाची दोरी ओढता, बूच निघत नाही, अख्खी बाटलीच वर येते. एक लिटरच्या बाटलीला मुळात बुडायलाच किलोभर शिसं लागतं, त्यावर हा जोर पेलायला आणखी. म्हणून बाटली पाच-सहा मीटरपर्यंतच बरी, आणि बूच अरुंद घ्या. प्लास्टिकची बाटली खोलवर चेपते, ती नकोच. पाराभरला काचेचा थर्मामीटरही होडीत नको: फुटला तर पारा पाण्यात जातो.

प्रश्न: सेन्सर बरोबर दाखवतो की नाही, हे घरी कसं तपासावं?

बर्फ बारीक कुटून थर्मॉस काठोकाठ भरा, फटी भरतील एवढंच पाणी ओता, ढवळा आणि पाच मिनिटं थांबा. ते शून्य अंश. पाण्यात चार खडे तरंगत असतील तर ते शून्य नव्हे. वरच्या टोकासाठी दुसऱ्या थर्मॉसमध्ये 37 अंशांच्या आसपासचं कोमट पाणी घ्या आणि ताप मोजायच्या डिजिटल थर्मामीटरशी ताडून पाहा. तो त्या टप्प्यात अंशाच्या दहाव्या भागापर्यंत भरवशाचा असतो. फरक निघेल तो वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि प्रत्येक वाचनातून वजा करा. उकळत्या पाण्यावर तपासू नका. उत्कलनबिंदू जागेच्या उंचीनुसार बदलतो.

प्रश्न: सेन्सर खाली सोडताना 6 मीटरवर 27.8 अंश दिसतात, वर घेताना त्याच खोलीवर 25.9. कोणता आकडा धरावा?

दोन्ही नाही. तुम्ही थांबत नाही आहात. स्टीलच्या नळीतल्या सेन्सरला पाण्याशी जुळवून घ्यायला वेळ लागतो, म्हणून खाली जाताना तो वरच्या गरम पाण्याची आठवण घेऊन जातो आणि वर येताना खालच्या गार पाण्याची. तुमच्या सेन्सरचा वेळ घरीच काढून ठेवा: खोलीतल्या हवेतून त्या बर्फाच्या थर्मॉसमध्ये बुडवा आणि आकडा स्थिर व्हायला किती सेकंद लागतात ते पाहा. 40 लागले, तर प्रत्येक मीटरला किमान 40 सेकंद थांबा. वाचनं खाली जातानाच घ्या, आणि वर येताना एक-दोन ठिकाणी पडताळा.

प्रश्न: नांगर न टाकता होडी वाहू देत मोजलं तर चालतं का? वारा फार नसतो.

नाही. दोरी उभ्या रेषेपासून 20 अंश कलली, तर 10 मीटर सोडलेल्या दोरीवर सेन्सर 9.4 मीटरवर असतो. 30 अंश कलली तर 8.7 मीटर, 45 अंशांना 7.1. एवढं धकून गेलं असतं, पण जिथे मीटरमागे दोन अंश उतरतात नेमक्या त्याच पट्ट्यात ही चूक सगळ्यात महाग पडते. शिवाय वाऱ्यात दोरी सरळ न राहता पोटात फुगते, त्यामुळे वरून दिसणारा कोन पूर्ण हिशेब देत नाही. नांगर टाका. तरी दोरी तिरकी जात असेल, तर शिसं दुप्पट करा.

प्रश्न: माझी वाचनं अशी: अर्ध्या मीटरवर 29.6, 2 मीटरवर 29.3, 4 वर 28.9, 5 वर 28.5, 6 वर 26.6, 7 वर 25.1, 8 वर 24.4, 10 वर 24.1, 12 वर 24.0. कार्पला 24 अंश मानवतात म्हणून 9 मीटरवर आमिष ठेवलं. दिवसभर गळाला काही लागलं नाही. का?

वाचनं सुबक आहेत. 5 ते 7 मीटरमध्ये साडेतीन अंशांच्या आसपास उतार आहे. ही तुमच्या तलावाची थर्मोक्लाइन. मीटरमागे एक अंश किंवा जास्त उतरू लागलं की थर्मोक्लाइन सुरू झाली, असा ढोबळ नियम आहे.

साडेतीन अंश म्हणजे काहीच नाही, असं वाटू शकतं. पण गरम पाण्यात एकेका अंशाला वजन असतं. 4 अंशांचं पाणी 5 अंशांना गेलं की एक घनमीटर पाणी अवघं 8 ग्रॅमने हलकं होतं. 24 चं 25 झालं की सुमारे 250 ग्रॅमने. म्हणून उबदार तलावात थोड्याशा फरकानेही वरचं पाणी खालच्यावर तेलासारखं तरंगत राहतं आणि दोन्ही मिसळत नाहीत.

तुमचं उत्तर इथेच आहे. खालच्या थराला वरून हवा मिळत नाही, उजेड पोहोचत नाही, आणि तळाशी कुजणारा पाला-गाळ होता तो प्राणवायू संपवतो. 24 अंशांचं पाणी लिटरमागे 8.4 मिलिग्रॅम प्राणवायू धरू शकतं, पण धरू शकणं वेगळं आणि असणं वेगळं. 3 मिलिग्रॅमच्या खाली गेलं की बहुतेक मासे तिथे थांबत नाहीत, तापमान कितीही मानवणारं असो. तपासायचं तर 10 मीटरवरचं पाणी घ्या आणि वास बघा. सडक्या अंड्याचा वास आला, तर तिथे प्राणवायू नाही. वास आला नाही म्हणून तो आहे असं ठरत नाही. मग प्राणवायू मोजायचं किट वापरा.

पुढच्या वेळी साडेचार ते साडेसात मीटर दर अर्ध्या मीटरला मोजा आणि आमिष उतार सुरू होण्याच्या किंचित वर, 4.5 ते 5 मीटरच्या दरम्यान ठेवा. त्याहून चांगली जागा म्हणजे ही खोली जिथे तळाला मिळते तो तळाचा उतार. कार्प तळाशी चरणारा मासा आहे. स्वच्छ, खोल आणि कमी गाळाच्या थंड तलावांत मात्र हिशेब उलटा होतो. तिथे खालीही प्राणवायू टिकतो, आणि 12 ते 16 अंश शोधणारा ट्राउट उन्हाळ्यात थर्मोक्लाइनमध्ये किंवा तिच्याखाली सापडतो.

प्रश्न: त्याच जागी काल 5 मीटरवर उतार होता, आज 8 वर आहे. सेन्सर बिघडला का?

काल-आज वारा कुठून होता ते आधी पाहा. वारा वरचं गरम पाणी ढकलत समोरच्या काठाकडे नेतो. तिथे गरम थर जाड होतो आणि थर्मोक्लाइन खाली दबते. ज्या काठाकडून वारा येतो तिथे ती वर येते. वारा पडला तरी हा झोका लगेच थांबत नाही, मोठ्या तलावात दिवसेंदिवस चालतो. म्हणून जोराचा वारा झाल्यावर दोन्ही काठांना एकेक मोजणी करा. मासे मीटर मोजत नाहीत, थराबरोबर वर-खाली होतात. वरपासून तळापर्यंत एकच आकडा आला, तर पाणी मिसळलं आहे. त्या दिवशी तापमानावरून खोली ठरवण्यात अर्थ नाही.

प्रश्न: पहाटे पृष्ठभागाला 26.5, दुपारी 30. खरा आकडा कोणता?

दोन्ही खरे. दुपारची वाढ बहुतांशी वरच्या मीटरभरातली, रात्री ती विरते. पहिल्या मीटरात दोन अंश उतरले म्हणून ती थर्मोक्लाइन नव्हे. तुलनेसाठी रोज सूर्योदयाच्या सुमारास मोजा आणि पहिलं वाचन अर्ध्या मीटरवर घ्या.

प्रश्न: होडी नाही. काठावरून मोजता येईल?

येईल, थोड्या खोलीपुरतं. तापमान नोंदवून ठेवणारा छोटा जलरोधक लॉगर घ्या, दर 10 सेकंदांनी नोंद करणारा. तो आणि जोडीचं शिसं पेलेल असा सरकता फ्लोट दोऱ्यात घाला आणि अडवणारी गाठ 3 मीटरवर बांधा. एकूण वजन तुमच्या रॉडच्या फेकण्याच्या मर्यादेत हवं. फेका, फ्लोट उभा राहिला की दोरा ढिला सोडून तीन मिनिटं थांबा, मग गुंडाळून नोंद वाचा आणि गाठ मीटरभर वर सरकवून पुन्हा फेका. फ्लोट आडवा पडून राहिला, तर शिसं तळाला टेकलं आहे आणि तुमचे 3 मीटर तिथे नाहीतच. तो उभा होईपर्यंत गाठ अर्ध्या-अर्ध्या मीटरने शिशाकडे आणा.