सोलापुरातल्या छोट्या किराणा दुकानात वाया जाणारा माल कमी कसा करायचा? पर्यावरणाला त्याचा खरंच त्रास होतो का?

किराण्यासोबत भाजी, दूध आणि ब्रेड ठेवता, म्हणजे तुमचं नुकसान फेकताना होत नाही, माल मागवतानाच होतं. म्हणून आधी एक वही घाला. महिनाभर जे जे फेकाल त्याचं वजन आणि कारण लिहा: तारीख गेली, सुकलं, कीड लागली, पाकीट फुटलं. त्याच त्या चार-पाच वस्तू पुन्हा पुन्हा दिसतील. ब्रेडचा पुडा 36 ला घेऊन 40 ला विकत असाल, तर फेकलेला एक पुडा नऊ पुड्यांचा नफा खातो. त्यामुळे संध्याकाळी सातला ब्रेड संपला तर वाईट वाटून घेऊ नका. ‘दहावर एक फ्री’ची स्कीम घेताना सगळा माल तारखेच्या आत खपेल का, एवढंच बघा. नवा माल रॅकवर मागून लावायचा, जुना पुढे ओढायचा. घाईत सेल्समन नेमका उलटा लावून जातो.

आता भाजी. एप्रिल-मेची आपली कोरडी हवा मेथी-कोथिंबिरीची वैरीण, पण तिच्याकडूनच काम करून घेता येतं. दिल्लीच्या पुसा कृषी संशोधन संस्थेनं विकसित केलेला विनाविजेचा शीतकक्ष बांधा. विटांच्या दोन भिंती, मधली फट साडेसात सेंटीमीटर, फटीत वाळू. सकाळ-संध्याकाळ वाळू भिजवायची, वर ओल्या बारदानाचं झाकण. जागा सावलीची आणि वारा खेळणारी हवी, कारण पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, त्यावरच सगळा खेळ आहे. पावसाळ्यात हवा दमट झाली की गारवा पडत नाही, उलट बुरशी धरते; तेव्हा तो बंद ठेवा. कांदा, लसूण, बटाटा त्यात कधीच नको.

पेंडीची दोरी आल्या आल्या सैल करा. घट्ट बांधलेली पेंडी आतून तापते आणि मधली पानं आधी पिवळी पडतात. पाणी पानांवर मारू नका, कॅरेटवरच्या फडक्यावर मारा. केळी आणि पिकलेले टोमॅटो पालेभाजीपासून लांब ठेवा. त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूनं पाला लवकर पिवळा पडतो.

फ्रीज 5 अंशांच्या खाली हवा. थर्मामीटर पाण्याच्या ग्लासात ठेवून बघा, नाहीतर दार उघडलं की आकडा उड्या मारतो. पिशव्या ठासून भरल्या तर हवा फिरत नाही आणि मधलं दूध आधी नासतं. मागच्या जाळीवरची धूळ महिन्यातून एकदा झाडा. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब. पावसाळ्यात रवा-मैदा थोडाच मागवा.

तारीख जवळ आलेला माल चार-पाच दिवस आधीच स्वस्तात काढा. एक्स्पायरी उलटलेला माल विकायचा नाही आणि दानही द्यायचा नाही. चांगलं उरलेलं अन्न गोळा करून वाटण्यासाठी एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, 2019 चे वेगळे नियम आहेत.

पर्यावरणाचं म्हणाल, तर कचरा डेपोवर अन्न हवेविना कुजून मिथेन निघतो, आणि 20 वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या 80 पटींहून जास्त उष्णता धरतो. पण माझ्या मते त्याहून मोठा खर्च आधीच झालेला असतो. किलोभर तांदळामागे जगाच्या सरासरीनं अडीच हजार लिटर पाणी लागतं. आपल्या भागात या आकड्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार 2022 मध्ये ग्राहक आणि विक्रेत्यांच्या पातळीवर वाया गेलेल्या अन्नात दुकानांचा वाटा 12 टक्के होता, घरांचा 60. म्हणजे एकट्या माणसाला किलोचं पाकीट गळ्यात मारण्यापेक्षा पावशेर सुटं देणं बरं.

सुकलेला पाला गोठ्यावर द्या. बुरशी आलेले शेंगदाणे मात्र जनावरांनाही घालू नका. त्यातलं अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष दुधात उतरतं.