व्यसन नाही, पाणीही बरं. मग गावात हेपॅटायटिस सी आला कुठून?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गावाकडे शिबिरात रक्त तपासलं तेव्हा बऱ्याच जणांना हेपॅटायटिस सी निघाला, त्यात तुमचे काकाही आहेत. गावात नशेची सुई कुणी टोचत नाही. मग हा पाण्यातून पसरला का, आणि काकांचं ताट-तांब्या वेगळं करावं का?

ताट वेगळं करू नका. बाकीचं सांगतो.

मी डॉक्टर नाही. तालुक्याच्या गावी सत्तावीस वर्षं लॅबमध्ये रक्त तपासण्यात गेली. आपल्याकडे अडचण शब्दापासूनच सुरू होते. हेपॅटायटिस म्हणजे यकृताची सूज; तिला आपण सरसकट कावीळ म्हणतो, आणि सगळ्या एकाच पिशवीत. दूषित पाण्यातून येते ती हेपॅटायटिस ए आणि ई. ती डोळे पिवळे करते, माणूस माळ घालून घेतो, माळ लांबत जाते आणि कावीळ 'उतरते'. खरं तर ती बहुतेकांची आपोआपच उतरणार असते, श्रेय मात्र माळेला जातं. सी चा पाण्याशी काही संबंध नाही. तो रक्तातून रक्तात जातो. लागण झाली तरी बहुतेकांना काही कळत नाही, डोळेही पिवळे होत नाहीत. काहींचं यकृत वीस-तीस वर्षं आतल्या आत कडक होत जातं आणि एक दिवस पोटात पाणी भरतं. म्हणून आज जे निघालंय त्याचं कारण आजच्या गावात शोधू नका, तीस वर्षांपूर्वीच्या गावात शोधा.

एका देशात हे शोधलं गेलंय, आणि ती हकिगत मला कधी विसरता येत नाही. इजिप्त, नाईलचा त्रिभुज प्रदेश. कालव्यांचं पाणी, त्यात गोगलगायी, गोगलगायींतून बाहेर पडणारे सूक्ष्म जंत. पाण्यात उभं राहिलं की ते कातडीतून आत शिरतात. शेतकरी, पोहणारी पोरं, धुणं धुणाऱ्या बायका, कुणी सुटत नव्हतं. लघवीतून रक्त जायचं. हा बिलहार्झिया. रोग इतका जुना की ममींमध्येही त्या जंतांची अंडी सापडली आहेत.

सरकारने मनावर घेतलं. १९५० च्या दशकापासून १९८० च्या दशकापर्यंत गावोगावी मोहीम चालली. औषध होतं टार्टर एमेटिक, अँटिमनी या धातूपासूनचं, थेट शिरेत द्यायचं. एका सुईने भागत नसे, एकेका माणसाला डझनभर किंवा त्याहून जास्त टोचाव्या लागत. १९६० च्या दशकात वर्षाला वीस लाखांहून जास्त इंजेक्शनं दिली जात होती. सुया-सिरिंजा काचेच्या, धुऊन पुन्हा वापरायच्या. त्या काळातल्या एका केंद्राच्या भेटीचं वर्णन नोंदलेलं आहे: डॉक्टरांनी ९ वाजून २० मिनिटांनी सुरुवात केली आणि १० वाजून १० मिनिटांपर्यंत ५०४ जणांना टोचून मोकळे झाले. मधली विश्रांती वजा केली तर माणशी पाच सेकंद. वापरलेली सिरिंज ट्रेमध्ये, तिथून नर्सकडे, धुवायची, मिनिट-दोन मिनिटं उकळायची, पुन्हा डॉक्टरांच्या हातात.

हेपॅटायटिस सी चा विषाणू ओळखला गेला १९८९ मध्ये. म्हणजे सुया टोचल्या जात होत्या तेव्हा त्याला नावही नव्हतं. पण ही सबब मला पूर्ण पटत नाही. सुईतून एका माणसाची कावीळ दुसऱ्याला जाते, एवढं तेव्हाही ठाऊक होतं. घाई होती, रांग मोठी होती, सिरिंजा कमी होत्या.

पुढे बिलहार्झियासाठी प्राझिक्वांटेलची गोळी आली आणि शिरेतलं इंजेक्शन बंद झालं. सी मात्र थांबला नाही. आता गावात इतक्या जणांच्या रक्तात तो होता की दात काढणं, सलाईन, डायलिसिस, बाळंतपण, कुठेही एकदा हलगर्जी झाली की पुढचा गळाला लागायचा. २००८ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते ५९ वयाच्या शंभरातल्या जवळपास १५ जणांच्या रक्तात सी च्या खुणा निघाल्या. शहरांपेक्षा खेड्यांत जास्त, तरुणांपेक्षा म्हाताऱ्यांत जास्त. ज्यांना बरं करायला म्हणून टोचलं, तेच.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी वडिलांना सांगितलं. ते मराठवाड्यातल्या एका खाजगी दवाखान्यात कंपाउंडर होते, काचेच्या सिरिंजांच्या काळात. ऐकून म्हणाले, "आम्ही उकळायचो की."

"किती वेळ, दादा?"

"वीस मिनिटं सांगितलेलं होतं."

"आणि उकळायचात किती?"

"स्टोव्हला रॉकेल असेल तेवढं." मग जरा थांबून, "बाजाराच्या दिवशी कुठलं वीस मिनिटं."

आणि लोकांनाही सुईच हवी असायची. नुसत्या गोळ्या लिहून दिल्या तर 'डॉक्टरनं काही केलंच नाही' म्हणत माणूस दुसऱ्याकडे जायचा. अजूनही जातो. सर्दीला सुई, थकव्याला सुई, कापणीच्या आधी 'ताकदीची' बाटली. जिथे सरकारी दवाखाना लांब आणि पाटी नसलेला 'डॉक्टर' जवळ, तिथे ही आवड महाग पडते. कंबोडियातल्या रोका भागात २०१४ मध्ये परवाना नसलेल्या एका माणसाच्या सुयांमधून दोनशेहून जास्त लोकांना एचआयव्ही झाला; बऱ्याच जणांना सी सुद्धा निघाला.

तेव्हा तुमच्या गावात विचारायचंच असेल तर 'कोण नशा करतं' हे विचारू नका. सुया कोण देत होतं ते विचारा. कुणाला २००० च्या आधी रक्त चढवलं होतं? (आपल्याकडे दात्याच्या रक्ताची सी साठी सक्तीने तपासणी त्यानंतरच सुरू झाली.) जत्रेत गोंदणारी एकच सुई किती हातांवर फिरवत होती? न्हाव्याचा वस्तारा? सगळ्यांच्या सांगण्यात एकच नाव पुन्हापुन्हा आलं, तर त्या माणसाला झोडपायला जाऊ नका, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी कळवा.

आता काका. शिबिरातली पट्टीची तपासणी अँटिबॉडी दाखवते, म्हणजे विषाणूशी लढायला शरीराने बनवलेली प्रथिनं. 'कधीतरी लागण झाली होती' एवढाच तिचा अर्थ. काहींच्या शरीरातून विषाणू आपणहून जातो, पण अँटिबॉडी राहते; उपचाराने बरे झालेल्यांचीही पट्टी पुढे पॉझिटिव्हच येत राहते. म्हणून विषाणू आत्ता आहे का हे पाहणारी आरएनए तपासणी, म्हणजे 'व्हायरल लोड', करावीच लागते. लॅबमध्ये रडत आलेली माणसं मी पाहिली आहेत, ज्यांच्या अंगात विषाणू नव्हताच.

असलाच तर औषध आहे, आणि चांगलं आहे. पूर्वी इंटरफेरॉनच्या सुया, कित्येकदा वर्षभर, आणि गुण येईलच असं नाही. २०१३ मध्ये अमेरिकेत सोफोसबुव्हिर आलं तेव्हा एका गोळीला १००० डॉलर, पूर्ण कोर्सला ८४,०००. इजिप्तने घासाघीस करून तोच कोर्स ९०० डॉलरला मिळवला, नंतर देशातच गोळ्या बनवल्या आणि २०१८-१९ मध्ये सात महिन्यांत जवळपास पाच कोटी लोकांचं बोट टोचून तपासलं. या वेळी सुई प्रत्येकाला नवी.

आपल्याकडे पंजाबने २०१६ मध्ये मोफत उपचार सुरू केले, २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे. जिल्हा रुग्णालयात विचारा. तपासणी आणि गोळ्या फुकट मिळतात. साधारण १२ आठवडे, रोज तोंडाने घ्यायच्या, आणि शंभरात नव्वदहून जास्त लोक बरे होतात. यकृत आधीच खराब झालं असेल तर बरं झाल्यावरही तपासत राहावं लागतं, हे काकांना स्पष्ट सांगा. दारू घेत असतील तर ती बंद. दाढीचं ब्लेड, ब्रश आणि नेलकटर मात्र त्यांचं त्यांचं ठेवा, कारण त्याला रक्त लागतं. जेवायला त्यांना पंक्तीतच बसवा.