ऑनलाइन गेममध्ये गुन्ह्याची फिर्याद आणि पहारेकरी कसे बसवावेत?

तुमचा प्रश्न असा: गेममध्ये एका प्लेअरने दुसऱ्यावर हात उचलला की पहारेकरी तिथल्या तिथे हजर होतात, त्यामुळे चोरी-मारामारी करायला कुणी धजत नाही. पहारेकरी काढून टाकले, तर नवे प्लेअर सतत मार खाऊन निघून जातात. मग मधला मार्ग कोणता?

पहारेकऱ्यांची ताकद कमी-जास्त करून हे सुटणार नाही. सर्व्हरला जे कळतं ते त्याच क्षणी पहारेकऱ्यांनाही कळतं, खरी गोम इथे आहे. सर्व्हरला सगळं माहीत असणारच. पण गेमच्या जगात गुन्हा कुणाला तरी दिसला पाहिजे आणि ज्याला दिसला त्याने तो कळवला पाहिजे. म्हणून नोंद, फिर्याद आणि कारवाई हे तीन भाग कोडमध्ये पूर्ण वेगळे ठेवा.

नोंद सोपी आहे. प्रत्येक फटक्यामागे हल्लेखोर, बळी, हत्यार, जागा आणि वेळ एवढं साठवा. त्यासोबत प्रत्येक जोडीसाठी 'पहिला वार कुणाचा' हेही ठेवा आणि शेवटच्या फटक्यानंतर मिनिटभराने ते पुसा. हे नसेल तर स्वतःचा बचाव करणारा गुन्हेगार ठरतो. मारामारी चालू असताना गुन्हेगाराला बरं करणाऱ्यावरही तोच शिक्का बसू द्या, नाहीतर टोळ्या एक 'स्वच्छ' वैद्य सोबत घेऊन फिरतात. स्फोट आणि आगीचे वार मात्र त्रासदायक. काही जण मुद्दाम तुमच्या आगीत शिरतात आणि तुम्हाला गुन्हेगार ठरवतात. ईव्ह ऑनलाइन या अंतराळ-जहाजांच्या गेममध्ये यासाठी सेफ्टीचं बटण आहे: ते हिरवं असेपर्यंत बेकायदा कृती गेम होऊच देत नाही. हे जरूर उचला.

सगळ्यात जास्त वेळ फिर्यादीवर घालवा. अल्टिमा ऑनलाइनमध्ये (1997) मेलेल्या प्लेअरला विचारलं जायचं, मारणाऱ्याविरुद्ध तक्रार करायची का? अशा पाच तक्रारी साठल्या की त्याचं नाव लाल व्हायचं, म्हणजे तो खुनी ठरायचा. मित्रामित्रांत ठरवून झालेली लढत आपोआप यातून सुटते, कारण तिथे तक्रार कुणी करतच नाही. आर्चएजमध्ये गुन्ह्याच्या जागी रक्ताचे डाग किंवा पावलांचे ठसे उरायचे आणि तिथून जाणारा कुणीही ते कळवू शकायचा. स्टार सिटिझनमध्ये तर त्या भागातला संपर्क-उपग्रह बंद पाडला की गुन्हा नोंदवलाच जात नाही. तिन्हीकडे फिर्याद ही जगातली एक वस्तू किंवा कृती आहे, तिला अडवता येतं, लपवता येतं.

लहान गेमसाठी मी साक्षीदार वापरेन. गुन्ह्यापासून 25-30 मीटरच्या आत असलेला आणि मधे भिंत नसलेला गावकरी (गेमच चालवतो ते पात्र) साक्षीदार धरायचा. गुन्हा पाहिल्यावर तो चौकीकडे धावतो किंवा 6-8 सेकंदांनी ओरडतो. तोवर त्याला अडवलं तर फिर्याद नाही. दहा जणांनी पाहिलं तर दहा गुन्हे लागू नयेत, म्हणून मारामारीला एकच घटना-क्रमांक द्या आणि सगळ्या फिर्यादी त्याला जोडा.

इथे एक चूक हमखास होते: पहारेकऱ्यांना गुन्हेगाराची चालू जागा दिली जाते. मग तो तळघरात लपला तरी ते सरळ त्याच्या डोक्यावर येऊन उभे राहतात, आणि लपण्यात काही अर्थच उरत नाही. फिर्यादीत साक्षीदाराने शेवटचं जिथे पाहिलं तीच जागा साठवा. पहारेकरी तिथे जातील, आसपास शोधतील आणि दिसला तरच पाठलाग करतील.

कारवाईचा हिशेब मात्र कडक हवा. ईव्हमधलं कॉन्कॉर्ड हे पोलीस दल बळीला वाचवायला येत नाही, हल्लेखोराचं जहाज उडवायला येतं, आणि भाग जितका कमी सुरक्षित तितकं उशिरा. त्यामुळे लुटारू आधीच आकडेमोड करतात: माझं जहाज गेलं तरी समोरचा माल त्याहून महाग आहे का? पूर्वी अशा जहाजाचा विमाही मिळायचा, तो 2011 मध्ये बंद झाला. शिक्षेची किंमत लुटीपेक्षा कमी असेल तर ती शिक्षा नसते, परवाना-शुल्क असतं.

डोक्यावरच्या बक्षिसाचंही तसंच. पूर्ण रक्कम एकदम दिली की गुन्हेगार स्वतःच्या मित्राकडून मरतो आणि दोघे पैसे वाटून घेतात. ईव्हने 2012 च्या बदलांत बक्षीस हे बुडालेल्या मालाच्या किमतीचा ठरावीक हिस्सा केलं. नुकसान नेहमी बक्षिसापेक्षा मोठं राहिलं की ही चलाखी परवडत नाही.

शिक्षेचा काळ घड्याळावर मोजू नका. अल्टिमात खुनाच्या नोंदी गेममध्ये घालवलेल्या वेळेने उतरायच्या, तर लोक पात्राला मॅक्रोवर (त्याच त्या कृती आपोआप करणाऱ्या आज्ञांवर) सोडून द्यायचे. प्लेअर प्रत्यक्ष काही करत असेल तेवढाच वेळ धरा, किंवा स्टार सिटिझनच्या तुरुंगात खाणकाम करून शिक्षा घटते तसं काम द्या. लॉग-आउट केल्यावर टायमर थांबवा आणि लढाईच्या मधे लॉग-आउट केलेलं पात्र थोडा वेळ जगातच उभं ठेवा.

आर्चएजसारखी, गुन्हेगाराचा निवाडा करणारी प्लेअरांची ज्यूरी मोहात पाडते, पण रात्री-अपरात्रीही ज्यूरीवर बसायला पुरेसे लोक ऑनलाइन असतील तरच ती चालते. तुमच्या लहान सर्व्हरवर ती आत्ता नको. आधी साक्षीदार आणि शेवटची जागा एवढंच बसवा, आणि किती गुन्ह्यांची फिर्याद पहारेकऱ्यांपर्यंत पोचते ते लॉगमध्ये बघून सेकंद आणि मीटर कमी-जास्त करा.