तर्री-पोह्यांवर ग्रीन टी?

प्रश्न : आठवड्यातून दोनदा सकाळी तर्री-पोहे आणि रविवारी सावजी मटण ठरलेलं. वरून ग्रीन टी घेतला की तेल ‘कटतं’ असं मित्र म्हणतात. खरं आहे का? दुधाचा चहा चालणार नाही का?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : तेल कटत नाही. ते पचतं पित्तरस आणि स्वादुपिंडातल्या लायपेज या चरबी फोडणाऱ्या विकरामुळे (एन्झाइममुळे). चहातली कॅटेचिन्स (तुरट चव देणारे वनस्पतिजन्य घटक) लायपेजला थोडं रोखतात, पण कपभर चहाने रविवारच्या ताटाचा हिशेब फिटायचा नाही.

चहाचं खरं काम मोठ्या आतड्यात चालतं. कॅटेचिन्सचा बराचसा भाग लहान आतड्यात शोषलाच जात नाही. तो पुढे जातो आणि तिथले जिवाणू तो फोडतात. सतत चरबीचं खाणं दिलेल्या उंदरांत आतड्याचं अस्तर सैल पडतं, जिवाणूंच्या आवरणातले दाह वाढवणारे घटक रक्तात झिरपतात. चहाचा अर्क दिल्यावर ही गळती कमी झाल्याचं आणि अ‍ॅकरमॅन्सियासारखे आतड्याला चांगले मानले जाणारे जिवाणू वाढल्याचं बऱ्याच प्रयोगांत दिसलं. हे झालं उंदरांचं. माणसांतला पुरावा अजून तोकडा आहे.

महागडा डबा आणायची गरज नाही. साध्या काळ्या पत्तीत थिआफ्लेविन्स असतात, तीही याच कुळातली. दुधातलं केसिन हे प्रथिन या घटकांना चिकटतं हे खरं, पण टपरीवरच्या चहात जास्त नडते ती साखर. म्हणून कोरा घ्या : 200 मिली उकळत्या पाण्यात चमचाभर (2 ग्रॅम) पत्ती, झाकण ठेवून 4 मिनिटं. ग्रीन टीला पाणी उकळल्यावर गॅस बंद करून चार-पाच मिनिटं थांबा, मग पत्ती टाका, 3 मिनिटांनी गाळा. पत्तीसकट उकळलात तर कडूजहर होतो, आणि मग साखर आलीच.

दिवसाला 2-3 कप पुरे. उपाशीपोटी घेतला तर मळमळतं. जेवणाला लागूनही नको. डाळी-भाज्यांतलं लोह कमी शोषलं जातं, तासभर जाऊ द्या. हिमोग्लोबिन कमी असेल तर हे कटाक्षाने पाळा. अर्काच्या कॅप्सूलच्या वाटेला जाऊ नका : पूरक गोळ्यांतून रोज 800 मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी (ग्रीन टीतलं मुख्य कॅटेचिन) घेतल्यास यकृतावर ताण येऊ शकतो, असं युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2018 मध्ये नोंदवलं आहे.

आणि जिवाणूंना चहापेक्षा अन्नातले तंतू (फायबर) जास्त लागतात. तर्रीतला चना त्यासाठी उत्तमच. तो भरपूर घ्या, वरचा लाल तवंग तेवढा दुकानदाराला पळीने बाजूला सारायला सांगा.