वाचकांचे प्रश्न : उजेडाच्या तलवारीची घुमघुम

(उत्तरं देताहेत सांगलीच्या टॉकीजमधले निवृत्त प्रोजेक्टर ऑपरेटर.)

प्रश्न : स्नेहसंमेलनात मुलं अंतराळावरचं नाटुकलं बसवताहेत. 'स्टार वॉर्स'मधल्या उजेडाच्या तलवारीसारखा आवाज हवाय. मूळ आवाज कसा केला होता? आम्हाला जमेल का?
– एक शिक्षिका, मिरज

उत्तर : बाई, नक्की जमेल. तो आवाज तर माझ्या केबिनमधला! चित्रपटाचा ध्वनिकार बेन बर्ट शिकत असताना विद्यापीठात प्रोजेक्टर चालवायचा. तिथल्या जुन्या प्रोजेक्टरच्या मोटरी नुसत्या चालू ठेवल्या तरी हळू घुमत राहायच्या. ती घुमघुम त्याने टेप केली. आमच्याकडेही मोटर लावली की असा आवाज यायचा. टेबलावर बोट टेकवलं तरी तो हाताला कळायचा.

पण नुसती घुमघुम मऊ वाटते, तिला धार हवी. एकदा बर्टच्या माइकची तुटकी वायर टीव्हीच्या पिक्चर ट्यूबजवळून गेली आणि त्यात करकरीत गुणगुण शिरली. दुसऱ्या कुणी ते रेकॉर्डिंग पुसलं असतं. त्याने ते मोटरच्या आवाजात मिसळलं. मग हे मिश्रण स्पीकरवर लावून त्यासमोर दुसरा माइक तलवारीसारखा फिरवला. माइक जवळ येताना सूर चढतो, लांब जाताना उतरतो. रेल्वे फाटकाशी उभं राहून गाडीचा भोंगा ऐकलात तर हेच कळेल.

तुम्ही जुन्या टेबलफॅनची किंवा पाण्याच्या पंपाची मोटर मोबाईलवर रेकॉर्ड करा, स्पीकरवर लावा आणि दुसरा मोबाईल त्यासमोर झपकन फिरवा. नको असलेला आवाज गाळण्याची सोय मोबाईलमध्ये असते, ती मात्र बंद ठेवा. ती आधी घुमघुमच गाळते. बंदुकीसाठी बर्टने रेडिओच्या मनोऱ्याच्या ताणतारेवर हातोडी मारली होती. शत्रूच्या विमानांच्या किंकाळीत हत्तीचा चीत्कार आहे आणि ओल्या रस्त्यावरून जाणारी मोटारगाडी. याच चित्रपटातल्या परग्रहवासी, प्राणी आणि यंत्रमानवांच्या आवाजांसाठी 1978 मध्ये त्याला खास ऑस्कर मिळालं. माझ्या मते त्या चित्रपटाचा निम्मा जीव या आवाजांत आहे.

प्रश्न : 'स्टार वॉर्स'मध्ये 1977 साली एवढी अंतराळयानं कशी उडवली? संगणक होते का?
– अभियांत्रिकीचा विद्यार्थी, विटा

उत्तर : बाळा, संगणकाने काढलेली चित्रं त्यात होती, पण थोडी. शेवटच्या हल्ल्याआधी वैमानिकांना शत्रूच्या तळावरच्या खंदकाचा नकाशा दाखवतात, तो त्यातला. बाकी सगळी हातकारागिरी. चित्रपटाचा दिग्दर्शक जॉर्ज लुकासने 1975 मध्ये कॅलिफोर्नियातल्या व्हॅन नाइसच्या एका गोदामात 'इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक' ही स्पेशल इफेक्ट्सची कंपनी सुरू केली. तिथल्या पोरांनी बाजारात मिळणारे रणगाड्या-विमानांचे प्लास्टिकचे संच फोडले आणि त्यांचे बारीक भाग यानांच्या अंगावर चिकटवले. म्हणून ती यानं वापरलेली, तेलकट, खरी वाटतात.

आता खुबी बघ. यान जागच्या जागी आणि कॅमेरा फिरतोय! तिथल्याच जॉन डायक्स्ट्राच्या गटाने कॅमेऱ्याची हालचाल नोंदवून ती जशीच्या तशी पुन्हा करणारं यंत्र बांधलं. त्यामुळे यान एकदा, त्याचे दिवे दुसऱ्यांदा असं वेगवेगळं चित्रीकरण करायचं आणि शेवटी फिल्मवर एकत्र छापायचं. हालचाल केसभर चुकली तरी दिवे यानावरून सरकलेले दिसणार. हे मी पडद्यापासून लांब, केबिनच्या खिडकीतून मुद्दाम निरखून पाहायचो.

तुझ्या कामाची आणखी एक गोष्ट. लुकासच्याच कंपनीतला संगणक विभाग 1986 मध्ये वेगळा झाला, तीच आजची ॲनिमेशनपट काढणारी पिक्सार.

प्रश्न : नातवाला हे चित्रपट कोणत्या क्रमाने दाखवू? तो म्हणतो, भाग एकपासून.
– एक आजोबा, तासगाव

उत्तर : प्रदर्शित झाले त्या क्रमाने दाखवा : आधी 1977, 1980, 1983 चे, मग 1999, 2002, 2005 चे, आणि 2015 पासूनचे शेवटी. भाग एक म्हणजे 1999 चा चित्रपट; त्याच्यापासून सुरुवात केलीत तर 1980 च्या चित्रपटातलं मोठं रहस्य पोराला आधीच कळून बसेल. ते मी इथेही फोडत नाही, आणि तुम्हीही त्याच्या शेजारी बसून फोडू नका.